पायवाट आणि कातळ यांच्या मधला टप्पा : सह्याद्रीतील शिखरचढाईचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे आहे आणि हिमालयातील पुष्कळ गावे त्याहून उंचावर वसलेली आहेत. सह्याद्रीत हवा विरळ होत नाही, बर्फ पडत नाही, हिमनदीच्या भेगा ओलांडाव्या लागत नाहीत. तरीही या डोंगरांत माणसे कड्यावरून पडतात, धुक्यात वाट चुकतात, उन्हाच्या तडाख्याने कोसळतात, आणि त्यांच्या मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवी पथकांना पावसाळ्याच्या चार महिन्यांत क्वचितच उसंत मिळते. उंचीने बेताची असलेली ही डोंगररांग कठीण कशामुळे ठरते, ती कठीणता मोजायची कशी, आणि ती मोजण्याची आज रूढ असलेली पद्धत पुरेशी आहे काय, या तीन प्रश्नांचा येथे आढावा घ्यावयाचा आहे.

डोंगरमाथा गाठण्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार मानले जातात. केवळ पायांनी चालून जाता येते ते पदभ्रमण; दोर, मेखा आणि सुरक्षा देणारा साथीदार यांच्यावाचून जे करणे म्हणजे जिवाशी खेळ ठरतो ते प्रस्तरारोहण; आणि या दोहोंच्या मध्ये असा एक टप्पा येतो की जेथे हातांचा आधार घेतल्यावाचून वर सरकता येत नाही, परंतु आधार मुबलक असल्याने दोर बहुधा पाठपिशवीतच राहतो. या मधल्या प्रकाराला गिर्यारोहणाच्या परिभाषेत स्क्रॅम्बलिंग म्हणतात आणि मराठी भटक्यांच्या बोलण्यात तो 'रॉक पॅच' किंवा 'कातळटप्पा' या नावाने येतो. पदभ्रमणाला फारशा शिक्षणाची गरज भासत नाही आणि प्रस्तरारोहण शिकल्यावाचून कोणी सहसा करू धजत नाही; मधला टप्पा मात्र न शिकताच केला जातो, आणि सह्याद्रीतील बहुसंख्य शिखरांची खरी परीक्षा नेमकी याच टप्प्यावर होते. म्हणून या मधल्या टप्प्याची नीट ओळख, त्याचे नेमके वर्णन आणि त्याचे रीतसर शिक्षण या तीन गोष्टींवाचून सह्याद्रीतील सुरक्षिततेची चर्चा अपुरी राहते, हे या आढाव्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

कातळाची घडण

सह्याद्रीच्या चढाईचे स्वरूप त्याच्या खडकाने ठरवून दिलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडले, पसरले आणि थिजले. त्यांचे थर भाकरीच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचले जाऊन दख्खनचे पठार तयार झाले. हे सर्व थर सारख्या ताकदीचे नाहीत. काहींचा बेसॉल्ट घट्ट आणि एकसंध आहे, तर काहींत थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे असंख्य पोकळ्या राहिल्या आहेत आणि त्या पुढे पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरून आल्या आहेत. पोकळ्यांचा थर ऊनपावसाने लवकर झिजतो, घट्ट थर टिकून राहतो. आणि या असमान झिजेतून उभा कडा, त्याखाली आडवा झाडीभरला पट्टा, पुन्हा उभा कडा अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना आकाराला आली. आडव्या पट्ट्याला डोंगरातील माणसे 'पदर' म्हणतात आणि किल्ल्याच्या अंगाने तो रुंदावला की त्याची 'माची' होते.

या रचनेचा चढाईवर थेट परिणाम होतो. सह्याद्रीतील वाट क्वचितच एकसारखी चढत जाते. ती पदरापर्यंत दाट झाडीतून येते, तेथे कड्याशी भिडते, मग कड्याच्या पायथ्याने आडवी जात एखादी नाळ, खिंड किंवा बेचके शोधते आणि तेवढ्याच फटीतून वरच्या टप्प्यावर निसटते. म्हणजे तासन्‌तास साधी चाल आणि मध्येच वीस-पंचवीस फुटांचा असा कातळ, की ज्यावर चूक झाली तर खाली शेकडो फूट अडसर नाही, असा हा प्रकार असतो. चालून थकलेला माणूस या टप्प्याशी पोहोचतो तेव्हा त्याचे पाय जड झालेले असतात, पाणी संपत आलेले असते आणि पाठीवरचे ओझे त्याला मागे खेचत असते. त्यामुळे एरवी सोपा वाटणारा टप्पाही त्या घडीला सोपा राहत नाही.

थरांना उभ्या छेदणाऱ्या भेगांतून लाव्हा वर येऊन तेथेच थिजला की खडकाची उभी भिंत तयार होते, आणि आजूबाजूचा मऊ भाग झिजून गेल्यावर ती एकाकी उभी राहते. धोडपच्या माथ्याची लांबट भिंत आणि मोरोशीच्या भैरवगडाचा उभा ताशीव कातळ ही अशा भिंतींची ठळक उदाहरणे होत. मूळ डोंगरापासून झिजेने सुटून निघालेले सुळके, उदाहरणार्थ जीवधनशेजारची वानरलिंगी किंवा रतनगडाच्या परिसरातील बाण, हे प्रस्तरारोहणाच्या कक्षेत मोडतात. मात्र त्यांच्या पायथ्यापर्यंत नेणारी घसाऱ्याची वाट ही मधल्या प्रकारातलीच असते आणि पुष्कळदा सुळक्याइतकीच जोखमीची असते. घसारा म्हणजे कड्यावरून सुटलेल्या दगडगोट्यांचा आणि मुरमाचा उतार. त्यावर पाऊल टाकले की पाऊल दगडांसकट खाली येते, आणि वरच्या माणसाने सोडलेला दगड खालच्यासाठी गोळीसारखा जातो.

बेसॉल्टची आणखी एक खोड चढणाऱ्याने लक्षात ठेवावी लागते. थिजताना आकुंचन पावल्यामुळे त्यात उभ्या-आडव्या सांधी पडलेल्या असतात, त्यांत पाणी आणि मुळे शिरतात, आणि वरून भक्कम दिसणारा दगड आतून सुटलेला असतो. म्हणून हाताचा आधार आधी ठोकून, मग हलकेच भार देऊन पाहणे आणि दोन हात व दोन पाय या चार आधारांपैकी एका वेळी एकच हलवणे, म्हणजे तीन आधार कायम राखणे, हा या खडकावरचा पहिला नियम आहे. उतारावरची कारवीची झाडी हात घालायला सोयीची वाटते. परंतु तिचे वाळलेले दांडे चटकन मोडतात आणि निसरड्या मातीतील तिची मुळे पूर्ण भार पेलतीलच असे नाही, याची जाणीव जुन्या भटक्यांना असते, नव्यांना नसते.

वाटांचा वारसा

या कातळावर हातापायांनी चढण्याची विद्या गिर्यारोहणाच्या संस्थांपेक्षा फार जुनी आहे. कोकणातील बंदरे आणि देशावरची गावे यांना जोडणाऱ्या घाटवाटा सातवाहनकाळापासून वापरात आहेत आणि नाणेघाटातील लेणे व शिलालेख त्याची साक्ष देतात. किल्ल्यांच्या बांधणीत तर ही विद्या शास्त्राच्या पातळीला पोहोचली. हरिहर किल्ल्याचा जिना या दृष्टीने जवळून पाहण्याजोगा आहे. जवळजवळ उभ्या कातळात एकावर एक पायऱ्या खोदलेल्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही कडांना हाताची बोटे अडकतील अशा खोबण्या कोरलेल्या आहेत, त्यामुळे चढणाऱ्याला पायाखाली पायरी आणि हाताला मूठ एकाच वेळी मिळते. जिना दरवाजाशी संपतो, तेथून वाट पुढे आलेल्या कातळाच्या छपराखालून वाकून आडवी जाते आणि मग पुन्हा दुसरा अरुंद, खोबण्यांचा जिना सुरू होतो. एका वेळी एकच माणूस वर येऊ शकेल, त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतील आणि वर उभा असलेला पहारेकरी त्याला सहज रोखू शकेल, असा विचार या बांधणीमागे आहे. जी रचना शत्रूला थोपवण्यासाठी केली, तीच आज सुट्टीच्या दिवशी चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गर्दीची कोंडी करते, हे समजून घेतल्यास तेथील अडचणीचे मूळ स्पष्ट होते.

शिवकाळात कडा चढून किल्ला घेण्याचे प्रसंग इतिहासात नोंदले गेले. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाण्यावर रात्रीच्या अंधारात अवघड बाजूने केलेला प्रवेश आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद यांनी मोजक्या माणसांनिशी घेतलेला पन्हाळा, ही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पुढे १८१८ मध्ये मराठी राज्य संपुष्टात आल्यावर हे किल्ले पुन्हा लढते होऊ नयेत म्हणून इंग्रजांनी अनेक ठिकाणचे दरवाजे, तटबंदी आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. अलंग आणि मदन या किल्ल्यांवर आज जे कातळटप्पे दोर लावून चढावे लागतात, ते अशा तुटलेल्या पायरीमार्गांच्या जागी आहेत. म्हणजे सह्याद्रीतील काही कठीणता निसर्गाने दिलेली, काही दुर्गबांधणीने हेतुपुरस्सर निर्माण केलेली आणि काही युद्धाने मागे ठेवलेली आहे.

या साऱ्या काळात वाटांचे ज्ञान जिवंत ठेवले ते डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर समाजांनी. मध काढायला, गुरे शोधायला, बाजाराला किंवा नातेवाइकांकडे जायला ही माणसे ज्या वाटांनी ये-जा करीत आली, त्याच वाटा पुढे नकाशांत आणि पुस्तकांत शिरल्या; मात्र त्या पहिल्यांदा दाखवणाऱ्या वाटाड्यांची नावे फार थोड्या ठिकाणी नोंदली गेली.

संस्था आणि पुस्तके

आधुनिक अर्थाने हौसेखातर आणि शास्त्रशुद्ध रीतीने डोंगर चढण्याची परंपरा महाराष्ट्रात विसाव्या शतकात रुजली. १९२८ मध्ये हिमालयन क्लबची स्थापना झाली, १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था सुरू झाली. पुढे मुंबई, पुणे, नाशिक आणि लहान शहरांतही मंडळे निघाली. मुंब्र्याचे कातळ आणि सिंहगडाचा परिसर ही सरावाची ठिकाणे बनली, एकेक सुळका सर होत गेला, आणि सह्याद्रीत हात घट्ट झालेली मंडळी हिमालयात गेली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये कांचनजंगावर यशस्वी मोहिमा केल्या, हे या परंपरेचे उंचीवरचे फळ म्हणता येईल. दुसऱ्या दिशेने पाहता, हरिहरचा 'स्कॉटिश कडा' हा ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी १९८६ मध्ये केलेल्या चढाईमुळे ओळखला जातो. आणि केवळ हातापायांच्या कसबावर चढण्याच्या क्रीडाप्रकाराची विश्वचषक स्पर्धा २०१६ मध्ये नवी मुंबईत भरली. म्हणजे प्रस्तरारोहणाची बाजू महाराष्ट्रात चांगली बळकट झालेली आहे.

पदभ्रमणाची बाजू पुस्तकांनी बळकट केली. गो. नी. दांडेकर यांच्या 'दुर्गभ्रमणगाथा'सारख्या लेखनाने किल्ल्यांविषयीचे प्रेम घराघरांत नेले, हरीश कपाडिया यांच्या 'ट्रेक द सह्याद्रीज' या इंग्रजी पुस्तकाने वाटांची माहिती पद्धतशीरपणे मांडली, आणि आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'ने मराठी भटक्यांच्या हाती एक भरवशाची मार्गदर्शिका दिली. या लेखनाचा उपकार मोठा आहे. तथापि प्रस्तरारोहणाचे वर्ग दोर आणि गाठी शिकवतात, पुस्तके वाट आणि इतिहास सांगतात, आणि मधला कातळटप्पा दोहोंच्या फटीत राहतो, ही उणीव मान्य करावी लागते.

एकच डोंगर, अनेक कठीणता

या उणिवेचे रूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हरिश्चंद्रगड हा १४२४ मीटर उंचीचा डोंगर आहे आणि तारामती हे त्याचे सर्वोच्च शिखर. पाचनईकडून येणारी वाट ओढ्याच्या काठाने, कातळाच्या पोटाखालून, मंदिरापर्यंत सहज नेते आणि धडधाकट माणसाला ती दोन-तीन तासांत जमते. खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे येणारी वाट लांब आहे. खिंडीच्या वर एक कातळटप्पा लागतो, तेथे आता लोखंडी कठडे बसवलेले आहेत, परंतु त्या टप्प्यानंतरच्या एकसारख्या दिसणाऱ्या टेकड्यांत पावसाळी धुके उतरले की दिशा कळेनाशी होते. कोकणातील बेलपाड्याहून नळीची वाट निघते. ती कोकणकड्याच्या कुशीतील एका नाळेतून, प्रचंड धोंड्यांवरून आणि अनेक कातळटप्प्यांवरून हजार मीटरच्या आसपास चढते, आणि मध्येच परत फिरणे हे पुढे जाण्याइतकेच अवघड असते. त्याच डोंगराचा कोकणकडा हा अंतर्वक्र कडा तर केवळ निष्णात प्रस्तरारोहकांचे क्षेत्र आहे.

चारही ठिकाणी डोंगर एक, माथा एक, उंची एक. परंतु पहिली वाट कुटुंबाला घेऊन जाण्याजोगी, दुसरीचा धोका कातळापेक्षा धुक्यात आणि गारठ्यात, तिसरीचा लांबीत आणि सततच्या हातचढाईत, आणि चौथी वेगळ्याच विद्येची. 'हरिश्चंद्रगड : श्रेणी मध्यम' एवढीच नोंद वाचून निघालेल्या माणसाला यांपैकी काहीच कळत नाही. कठीणता ही शिखराची नसून वाटेची आणि ऋतूची असते, हे तत्त्व येथे सिद्ध होते.

श्रेणीचा प्रश्न

जगातील निरनिराळ्या पर्वतप्रदेशांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे शोधली गेली. अमेरिकेतील सिएरा क्लबने १९३७ मध्ये स्वीकारलेल्या पद्धतीत चालण्यापासून चढण्यापर्यंतचे वर्ग पाडलेले आहेत : पहिला वर्ग साध्या वाटेचा, दुसरा खडबडीत उताराचा, तिसरा हातांचा आधार लागणारा, चौथा असा की पडल्यास जीव जाऊ शकतो म्हणून पुष्कळजण दोर लावतात, आणि पाचवा दोराच्या प्रस्तरारोहणाचा. तिसरा आणि चौथा वर्ग म्हणजे येथे ज्याला मधला टप्पा म्हटले आहे तोच. ब्रिटनमध्ये स्क्रॅम्बलिंगच्या वाटांना एक ते तीन अशा स्वतंत्र श्रेणी देतात, तर आल्प्समध्ये सर्वांत कठीण टप्प्याची श्रेणी वेगळी आणि लांबी, एकाकीपणा, परतीची सोय यांसह संपूर्ण मार्गाची श्रेणी वेगळी सांगण्याची रीत आहे.

सह्याद्रीत 'सोपी, मध्यम, कठीण' ही त्रिविध विभागणी रूढ आहे. ती सुटसुटीत आहे, परंतु चालीची दमछाक, कातळाची अवघडता आणि पडल्यास होणारा परिणाम या तीन वेगवेगळ्या गोष्टी ती एकाच शब्दात कोंबते. कुलंगची चढाई दीर्घ आणि थकवणारी आहे, तर लिंगाण्यासाठी बोराट्याच्या नाळेतून उतरून मग उभ्या कातळावर दोराने चढावे लागते. दोन्ही 'कठीण' म्हटल्या जातात, पण एकीसाठी दमसास लागतो आणि दुसरीसाठी तंत्र. यांत 'दृष्टिभय' या गोष्टीचा विचार तर फार थोड्या नोंदींत आढळतो. दृष्टिभय म्हणजे वाट चालण्याइतपत रुंद असूनही एका बाजूची खोल दरी सतत डोळ्यांसमोर असल्याने येणारे दडपण. ते केवळ मनाचे नसते. दडपणाखाली माणूस कातळाला चिकटतो, शरीराचा भार पायांवरून निघतो, आणि त्यामुळे पाय खरोखरच घसरू शकतात.

या सर्वांचा विचार करता सह्याद्रीतील प्रत्येक वाटेच्या वर्णनात किमान पाच गोष्टी स्वतंत्रपणे याव्यात, असे सुचवता येते : चालीची लांबी आणि एकूण चढ, सर्वांत अवघड टप्प्याचे स्वरूप, म्हणजे हात लागतात की दोर लागतो, दृष्टिभयाची मात्रा आणि पडल्यास अडसर आहे की नाही, पाण्याची आणि मध्येच परत फिरण्याची सोय, आणि हे वर्णन कोणत्या महिन्यातले आहे. एका शब्दाच्या श्रेणीपेक्षा अशी पाच ओळींची नोंद अधिक जीव वाचवील.

ऋतू, उतराई आणि अन्य धोके

वर्णन कोणत्या महिन्यातले आहे ही शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण सह्याद्रीत एकच वाट वर्षातून तीन वेळा रूप पालटते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. तेव्हा कातळावर शेवाळ धरते, नाळांना ओढ्याचे रूप येते आणि सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारी माणूस वाहून नेते. भिजलेल्या कपड्यांत वारा लागून शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचा प्रकार हिमालयातच घडतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो सह्याद्रीच्या पावसाळी माथ्यावरही घडू शकतो. पावसानंतर माथ्यावरचे उंच गवत वाळते आणि उतारावर पाय टिकू देत नाही. मार्चपासून कातळ तापतो, टाकी आटतात, आणि पाण्याचा चुकलेला अंदाज हाच सर्वांत मोठा शत्रू ठरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईला उत्तम मानला जातो. तरीही कड्यांवर लटकणारी आग्या माश्यांची पोळी असतातच, आणि धूर, अत्तराचा वास किंवा आरडाओरडा यांनी ती उठली तर कातळावर अडकलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते.

अपघातांचा विचार करता उतराईकडे होणारे दुर्लक्ष ठळकपणे पुढे येते. चढताना पुढचा आधार डोळ्यांसमोर असतो. उतरताना पायाला न दिसणारी पायरी चाचपावी लागते, आणि माथा गाठल्याच्या समाधानाने सावधपणाही सैल होतो. म्हणून अवघड टप्पा दरीकडे पाठ आणि कातळाकडे तोंड करून उतरावा, आणि जो टप्पा उतरता येईल अशी खात्री नाही तो चढूच नये, हा जाणत्यांचा दंडक आहे. दोराने उतरण्यातही आधाराचा खिळा, दोराच्या टोकाची गाठ आणि धारदार कड यांपैकी एका बाबीतली चूक पुरेशी ठरते. अनुभव हा येथे संरक्षणाची हमी नाही : आयुष्य सह्याद्रीत घालवलेले ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावरील मोहिमेत मृत्यू झाला, आणि त्याने साऱ्या क्षेत्राला आत्मपरीक्षण करायला लावले.

लोखंडी आधारांचा वाद

धोका दिसला की तेथे शिडी किंवा कठडा बसवावा, ही मागणी स्वाभाविक आहे. कळसूबाईच्या शिड्यांमुळे देवीच्या दर्शनाला येणाऱ्या हजारो भाविकांची सोय झाली, हे नाकारता येणार नाही, आणि जेथे यात्रेची परंपरा आहे तेथे असा आधार योग्यच आहे. परंतु प्रत्येक कातळटप्प्यावर लोखंड बसवल्याने प्रश्न सुटत नाही. चार महिन्यांच्या पावसात लोखंड गंजते, खिळा बसवलेला खडक भेगाळतो, आणि देखभालीची जबाबदारी नेमकी कोणाची हे बहुधा ठरलेले नसते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा खिळा आज भार पेलील की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याचप्रमाणे आधारामुळे टप्पा सोपा झाला की गर्दी वाढते आणि गर्दीतून नवा धोका उभा राहतो. शिवाय कोरीव पायऱ्या हा पुरातत्त्वीय ठेवा आहे. जुलै २०२५ मध्ये साल्हेर, रायगड, राजगड, लोहगड इत्यादी किल्ल्यांचा समावेश असलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यानंतर तेथील कातळात मनमानी खिळे ठोकणे अधिकच गैर ठरते. कड्यांच्या कपारींत गिधाडे घरटी करतात आणि दुर्मीळ वनस्पती वाढतात, त्यामुळे विणीच्या काळात काही कडे मोकळे ठेवणे हेही चढणाऱ्यांचे कर्तव्य आहे. यातून निघणारा मार्ग असा, की आधार मोजक्याच ठिकाणी असावेत, त्यांच्या बसवण्याची तारीख नोंदलेली असावी, ठरावीक काळाने त्यांची तपासणी व्हावी, आणि बाकी कातळ कातळच राहू द्यावा.

बचाव, नियमन आणि डोंगरातील माणसे

बचावाच्या क्षेत्रात महाराष्ट्रातील स्वयंसेवकांनी केलेले काम देशात उठून दिसणारे आहे. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र', महाबळेश्वर व खोपोली परिसरातील पथके आणि त्यांना एका धाग्यात गुंफणारे गिर्यारोहकांचे समन्वय केंद्र यांच्या जोरावर रात्री-अपरात्री दरीत उतरून माणसे वर आणली जातात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा तेथे वाहन जाईल असा रस्ता नव्हता आणि चढून जाणाऱ्या पहिल्या मदतकर्त्यांत डोंगरांची सवय असलेले हे गिर्यारोहक होते. ज्या ठाकरवाडीतून इर्शाळगडाची वाट जात होती, तिच्यावर ओढवलेली ही आपत्ती या क्षेत्राने विसरता कामा नये. डोंगर ज्यांना विरंगुळा देतो त्यांच्यापेक्षा डोंगर ज्यांचे घर आहे त्यांची जोखीम कितीतरी मोठी आहे.

शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेच्या निकषांची चौकट आखली. ही दिशा योग्य आहे, परंतु तिची अंमलबजावणी व्यावसायिक सहलींपुरती राहिली तर स्वतःच्या हिमतीवर निघणारा मोठा वर्ग तिच्या बाहेरच राहील. पावसाळ्यात काढले जाणारे सरसकट बंदीचे आदेश हा तात्पुरता उपाय झाला. त्याने दुर्घटना काही दिवस टळतात, शहाणपण वाढत नाही. त्यापेक्षा पायथ्याच्या गावांतील तरुणांना प्रशिक्षण, विमा आणि रास्त मोबदला देऊन मार्गदर्शक म्हणून मान्यता देणे अधिक टिकाऊ ठरेल, कारण वाटेचे, पाण्याचे आणि हवामानाचे जे ज्ञान त्यांच्याकडे आहे ते कोणत्याही नकाशात नाही.

निष्कर्ष

सह्याद्री उंचीने लहान असला तरी त्याचा थरांचा बेसॉल्ट, त्याचा पाऊस आणि त्याच्या तुटलेल्या वाटा यांनी पायवाट आणि कातळ यांच्या मधला टप्पा येथे निर्णायक बनवला आहे. प्रस्तरारोहणाचे शिक्षण आणि पदभ्रमणाचे साहित्य यांत महाराष्ट्राने मोठी मजल मारली. आता या मधल्या टप्प्याकडे लक्ष देण्याची पाळी आहे. गिर्यारोहण संस्थांनी दोन दिवसांचे साधे वर्ग घेऊन तीन आधारांचा नियम, उतरण्याची रीत आणि परत फिरण्याचा निर्णय शिकवावा. वाटांची माहिती लिहिणाऱ्यांनी 'मध्यम' या एका शब्दावर भागवणे सोडावे. शासनाने गावच्या वाटाड्याला या व्यवस्थेचा कणा मानावे. डोंगरावर निघणाऱ्या प्रत्येकाने मात्र या सुधारणांची वाट न पाहता एवढे करावे, की निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात वाटेची आणि पाण्याची चौकशी करावी, कुठे जात आहोत ते मागे सांगून ठेवावे, आणि कातळटप्प्याशी मन कचरले तर तेथूनच परतावे. शिखर पुढच्या हिवाळ्यातही जागेवरच असणार आहे.